विंचवाचा दंश व रक्तवाहिन्यांचे स्नायु

तांबडा विंचू चावलेल्या मनुष्याचा हात हातीं घेतला तर तो बर्फासारखा गार लागतो. अंगास घामाच्या धारा लागलेल्या असतात, छाती धडधडत असते, आणि हातपाय मात्र थंड. कोंकणांत हें दृश्य पिढ्यान्‌पिढ्या लोकांनीं पाहिलें आहे. त्या गार हाताचें कारण समजून घ्यावयाचें तर प्रथम रक्तवाहिन्यांच्या भिंतीकडे पाहिलें पाहिजे.

शरीरांतील लहान रोहिण्यांच्या भिंतींत अनैच्छिक स्नायूंचे वेढे असतात. हे स्नायु आखडले कीं नळी अरुंद होते, सैल पडले कीं रुंद होते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर रक्तास होणारा अडथळा दुप्पट नव्हे, चौपटहि नव्हे, सोळापट होतो. घातांकांचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें!

या स्नायूंस आखडण्याची आज्ञा कोण देतें? मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलीन व मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनलीन हीं द्रव्यें येतात. परंतु आज्ञा सुटली म्हणजे काम भागलें असें नाहीं. ती ऐकणारा कान पाहिजे. असें कांहीं ग्रहण करणारें द्रव्य पेशींत असलें पाहिजे, हा विचार केंब्रिजचे लँग्ले यांनीं १९०५ सालीं मांडला. पुढच्याच वर्षीं हेन्री डेल यांनीं एक चमत्कारिक प्रयोग प्रसिद्ध केला. राय नांवाच्या धान्यावर अर्गट ही बुरशी येते. तिचा अर्क मांजरास देऊन मग ॲड्रेनलीन टोंचलें, तेव्हां रक्ताचा दाब चढण्याऐवजीं उतरला!

या कोड्याचा उलगडा १९४८ सालीं अमेरिकेंतील आल्क्विस्ट यांनीं केला. त्यांचा निबंध एका नियतकालिकानें आधीं परत पाठविला होता, हेंहि येथें सांगण्यासारखें आहे. त्यांच्या मतें असे ग्राही दोन जातींचे असतात. रक्तवाहिनीवरील अल्फा ग्राहीस ॲड्रेनलीन भेटलें तर स्नायु आखडतो. बीटा ग्राहीस भेटलें तर सैल पडतो. अर्गटनें अल्फाचे कान बंद केले, आणि मग बीटाचेंच राज्य राहिलें. म्हणजे निरोप एकच, पण परिणाम ऐकणाऱ्यावर अवलंबून.

अल्फा ग्राही हा पेशीच्या आवरणांतून सात वेळां आरपार ओंवलेला प्रथिनाचा धागा आहे. बाहेरून ॲड्रेनलीन त्यास बिलगलें कीं त्याचा आकार किंचित् बदलतो व आंतल्या बाजूचें जी-प्रथिन जागें होतें. तेथून निरोपावर निरोप जाऊन पेशींतील कोठारांतलें कॅल्शियम सुटतें, आणि अखेर मायोसिनचे धागे ॲक्टिनच्या धाग्यांस ओढूं लागतात. ॲड्रेनलीन स्वतः पेशीच्या आंत पाऊलहि टाकीत नाहीं.

आतां विंचवाकडे वळूं. त्याचें विष मज्जातंतूंतील सोडियमचीं द्वारें मिटूं देत नाहीं. तंतु सारखे पेटलेले राहतात आणि वरील द्रव्यें लोंढ्यासारखीं बाहेर पडतात. शरीरभर अल्फा ग्राहींवर एकदम आज्ञांचा भडिमार होतो. कातडीखालील वाहिन्या मिटतात. म्हणून हात गार. परंतु खरा घात पुढेंच आहे. सोळापटीचा हिशेब आठवावा. एवढ्या अडथळ्यावर धडका मारून हृदय थकतें, फुप्फुसांत पाणी भरतें व तोंडावाटे तांबूस फेंस येऊं लागतो.

महाडजवळील बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं अशा रोग्यांच्या उशाशीं बसून या खुणांची नोंद केली. तो लेख १९८२ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आला. अल्फा ग्राहीच अडविले तर? प्राझोसिन नांवाची रक्तदाबावरील गोळी नेमकें हेंच काम करते. ती देऊन आलेला अनुभव त्यांनीं व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केला. गंभीर रोग्यांपैकीं पूर्वीं शेंकडा ३० च्या आसपास दगावत. तें प्रमाण शेंकडा १ च्या घरांत आलें. गोळीबरोबर विषावरील लसहि दिल्यास रोगी लवकर सुधारतो, असें त्यांनींच २०११ सालीं दाखविलें.

गोळी दिल्यावर रोग्यास निजवूनच ठेवावें लागतें, कारण वाहिन्या सैल पडल्या असतां तो एकदम उठला तर त्यास भोंवळ येते. हातपाय पुन्हां कोरडे व ऊबदार होईपर्यंत ती दर तीन तासांनीं देतात.