मालकीबदल आणि अग्रलेखाचे कर्तृत्व : मुंबईतील एका दैनिकाच्या निमित्ताने

मराठीतील वृत्तपत्रीय गद्याचा अभ्यास प्रायः संपादककेंद्री राहिला आहे. टिळकांचा ‘केसरी’, आगरकरांचा ‘सुधारक’ किंवा शि. म. परांजपे यांचा ‘काळ’ यांच्या बाबतीत ही पद्धती बऱ्याच अंशी समर्थनीय ठरते. कारण तेथे पत्राचे धोरण आणि लेखणी बहुधा एकाच हाती होती. महानगरातील भांडवलप्रधान दैनिकाला मात्र ती अपुरी पडते. अशा पत्रातील अग्रलेखाचा कर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर मालकीचा इतिहास पाहिल्याशिवाय मिळत नाही. ज्या संस्थेतून पुढे ‘महाराष्ट्र टाइम्स’ निघाला, त्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

हे पत्र ३ नोव्हेंबर १८३८ रोजी ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ या नावाने अर्धसाप्ताहिक म्हणून निघाले व १८५० मध्ये दैनिक झाले. मूळ नावातच त्याचा वाचक सूचित होतो : मुंबईतील व्यापारी वर्ग. भागधारकांत युरोपीयांबरोबर एतद्देशीयही होते. १८५७ च्या उठावाच्या काळात संपादक जॉर्ज बुइस्ट यांनी हिंदी लोकांविरुद्ध अत्यंत कडवट लेखन केले. ते एतद्देशीय भागधारकांना असह्य झाले आणि बुइस्ट यांना संपादकपद सोडावे लागले. त्यांच्या जागी रॉबर्ट नाइट आले. अग्रलेखाचा सूर येथे बदलला तो वाचकांच्या पत्रांमुळे नव्हे, तर भागधारकांच्या अधिकारामुळे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

पुढचा टप्पा विरोधाभासात्मक आहे. ज्यांच्या आग्रहाने नाइट यांना संधी मिळाली, त्याच एतद्देशीय भागधारकांचे हिस्से त्यांनी १८६० च्या सुमारास विकत घेतले, प्रतिस्पर्धी पत्रे सामावून घेतली आणि १८६१ मध्ये पत्राला ‘टाइम्स ऑफ इंडिया’ हे नाव दिले. मालक व संपादक एकच झाल्याने लेखणीला स्वातंत्र्य लाभले. परंतु ज्या अधिकाराने बुइस्ट यांना दूर केले होते, तो अधिकारही त्याबरोबर संपुष्टात आला. नावातील ‘बॉम्बे’च्या जागी ‘इंडिया’ येणे हा केवळ नामांतराचा भाग नव्हे. पत्र कोणाच्या वतीने बोलू पाहते, याचाच तो बदल होय.

१८९२ मध्ये टी. जे. बेनेट आणि एफ. एम. कोलमन यांच्याकडे पत्र गेले. संस्थेला आजही त्यांचेच नाव आहे. १९४६ मध्ये उद्योगपती रामकृष्ण दालमिया यांनी ते विकत घेतले आणि १९५० मध्ये फ्रँक मोराइस हे स्वातंत्र्योत्तर काळातील पहिले भारतीय संपादक झाले. दालमियांच्या आर्थिक व्यवहारांची चौकशी सुरू झाल्यानंतर नियंत्रण त्यांचे जामात साहू शांतिप्रसाद जैन यांच्याकडे आले. भारतीय ज्ञानपीठाचे हेच संस्थापक. १९६९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने संचालक मंडळाची फेररचना झाली. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, नियंत्रण पुन्हा जैन कुटुंबाकडे आले.

या घडामोडींचा मराठीशी थेट संबंध आहे. १८ जून १९६२ रोजी याच संस्थेने ‘महाराष्ट्र टाइम्स’ सुरू केला. द्वा. भ. कर्णिक हे त्याचे पहिले संपादक. १९६८ ते १९९६ या काळात गोविंद तळवलकर यांनी संपादकपद सांभाळले. म्हणजे १९६९ आणि १९७६ ही दोन्ही नियंत्रणांतरे त्यांच्याच कारकिर्दीत झाली. त्यांच्या अग्रलेखांतील इतिहासदृष्टी, ग्रंथनिष्ठा आणि संयत उपरोध यांचे विवेचन होते. पण या दोन वर्षांच्या अलीकडचे व पलीकडचे अग्रलेख विषयवार शेजारी ठेवून वाचले, तर कोणते बदल मालकीशी निगडित आहेत आणि कोणते नाहीत, हे तपासता येईल.

मालकी लेखनाला यांत्रिकपणे घडवते, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. बुइस्ट यांनी पद गमावले, पण सूर बदलला नाही. मात्र संपादकाच्या शैलीला त्याचे स्वातंत्र्य समजण्याची गल्लत संशोधकाने टाळली पाहिजे. शैली त्याची स्वतःची असते. विषयनिवडीचे आणि मौनाचे श्रेय वा दायित्व त्याच्यावर सोपवण्यापूर्वी, त्या वर्षी पत्र कोणाच्या ताब्यात होते हे पाहणे अगत्याचे आहे.