नवरंग : पाचोळ्यावर जगणारा पक्षी

नागपूर-वर्धा मार्गावरील केळझर हे गाव टेकडीवरील सिद्धिविनायक मंदिरामुळे विदर्भात सर्वपरिचित आहे. हे गाव ज्या सेलू तालुक्यात मोडते, त्याच तालुक्यात बोरचे अरण्य आहे. १९७० साली अभयारण्य आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून ते घोषित झाले. साग, ऐन, तेंदू व बांबूच्या या वनात पावसाळ्याच्या तोंडावर एक देखणा पाहुणा येतो. त्याचे नाव नवरंग.

नवरंगाचे बहुतेक भाईबंद आग्नेय आशियातील सदाहरित वर्षावनांत राहतात. नवरंग मात्र हिवाळा दक्षिण भारतात व श्रीलंकेत घालवून विणीसाठी मध्य भारतातील पानझडीच्या वनांत येतो. हिरवी पाठ, पंखांवर चकाकता निळा पट्टा, पिवळसर छाती, पोटाखाली किरमिजी रंग आणि डोळ्यांवरून गेलेली काळी पट्टी अशी त्याची शोभा असते. आकार मैनेहून थोडा लहान, शेपूट आखूड. एवढे रंग असूनही तो सहसा दिसत नाही; पहाटे व संध्याकाळी त्याची दोन सुरांची स्पष्ट शीळ तेवढी ऐकू येते.

याचे कारण त्याच्या राहणीत आहे. तो झाडाच्या शेंड्यावर नव्हे, तर झुडपांखालच्या जमिनीवर चरतो. टुणटुण उड्या मारीत, चोचीने पाचोळा उलथून तो किडे, अळ्या व गांडुळे टिपतो. त्याचे गोल घरटेही वाळलेली पाने, काड्या व मुळे यांचेच असते. जमिनीवर किंवा झाडाच्या खालच्या फांदीवर ते बांधलेले आढळते.

म्हणूनच पाचोळा जळाला, तर नवरंगाचे अन्न आणि घर दोन्ही जाते. मोहफुले वेचणे सोपे व्हावे, म्हणून उन्हाळ्यात झाडाखालचा पाला पेटविण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ही आग पसरली, की कोवळी रोपेही होरपळतात आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते. पाला झाडूने बाजूला सारून किंवा झाडाखाली जाळी बांधून मोहफुले तितक्याच चांगल्या रीतीने गोळा करता येतात.

उन्हाळ्यात एवढी दक्षता घेतली, तर जून महिन्यात परतणाऱ्या नवरंगाला त्याचा पाचोळा शाबूत मिळेल आणि गावालाही आपले वन राखता येईल.