धनुष्य हाती घेण्यापूर्वी

आम्ही धनुर्विद्या शिकायला गेलो तेव्हा पहिला धडा डोळ्याचा होता. दोन्ही हातांची छोटी खिडकी करून दूरची वस्तू पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू खिडकीतच दिसते, तो मुख्य डोळा. आमची मुलगी उजवी, पण तिचा मुख्य डोळा डावा; म्हणून बाण डावीकडे जात. धनुष्य उजव्या हातात धरताच नेम सुधारला.

धनुष्य हलकेच घ्या. मोठ्यांनाही २०-२५ पौंड ओढ पुरते. बाण न लावता ताणलेली प्रत्यंचा कधीही सोडू नका. बाणाला मिळायची शक्ती धनुष्यातच अडकते आणि ते मोडू शकते.

शब्दार्थ: प्रत्यंचा – धनुष्याची दोरी, भाता – बाण ठेवण्याची पिशवी.