कपाळावरील आठ्या आणि बोट्युलिनम विष

कपाळावर आठी पडणे ही क्षणभराची गोष्ट होय. मनुष्य रागावला, विचारात गढला किंवा उन्हाकडे पाहू लागला, की भुवयांमधील लहान स्नायू आकुंचन पावतात व त्यांवरील त्वचेस घडी पडते. तारुण्यात त्वचा लवचिक असल्यामुळे स्नायू सैल होताच ही घडी मोडते. परंतु ती वर्षानुवर्षे एकाच जागी पडत राहिली व वयोमानाने त्वचेची लवचिकता उणावली, म्हणजे तिची कायमची रेषा होते. या रेषा घालविण्यासाठी आज जे द्रव्य टोचतात, ते मूळचे एक अत्यंत उग्र विष आहे. ते अनेक वर्षे टोचून घेतल्यास चेहऱ्यावर कोणते परिणाम होतात, ते आपण पाहू.

विषाचे औषध कसे झाले?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत बिघडलेले सॉसेज, म्हणजे आतड्यात भरलेले मांस, खाऊन माणसे दगावत. युस्टिनुस केर्नर या वैद्याने १८२० च्या सुमारास या विषबाधेचे वर्णन केले व हे विष अल्प मात्रेत औषध ठरू शकेल, असे भाकीतही केले. १८९५ मध्ये बेल्जममध्ये घडलेल्या विषबाधेचा तपास करून एमिल व्हान एर्मेंगेम यांनी ते निर्माण करणारा जीवाणू शोधला. लॅटिन भाषेत सॉसेजला ‘बोट्युलस’ म्हणतात. त्यावरून ‘बोट्युलिनम’ हे नाव पडले.

पुढे अमेरिकेत अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर या विषाचा उपयोग केला. १९८९ मध्ये तेथे त्यास औषध म्हणून संमती मिळाली. कॅनडातील जीन व अ‍ॅलिस्टर कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याने आठ्यांवरील त्याच्या उपयोगाचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध केले आणि २००२ मध्ये अमेरिकेने त्या उपयोगासही संमती दिली.

विषाचे कार्य

मज्जातंतूच्या टोकातून असेटिलकोलीन नावाचे द्रव्य पाझरते, तेव्हा स्नायू आकुंचन पावतो. हे विष तंतूच्या टोकात शिरून तो पाझर घडवून आणणाऱ्या एका प्रथिनाचे तुकडे करते. आज्ञा येते, पण स्नायूपर्यंत पोहोचत नाही. हा परिणाम दोन-तीन दिवसांत दिसू लागतो. पुढे तंतूस नवे फुटवे फुटतात, मूळचे टोकही कार्यक्षम होते आणि साधारणतः तीन-चार महिन्यांत स्नायू पुन्हा हलू लागतो. म्हणूनच सुई पुनःपुन्हा घ्यावी लागते.

दीर्घकालीन परिणाम

२००६ मध्ये अमेरिकेत दोन जुळ्या बहिणींची तुलना प्रसिद्ध झाली. एकीने तेरा वर्षे नियमित उपचार घेतले होते, तर दुसरीने त्या काळात केवळ दोनदा. पहिलीच्या कपाळावर स्थिर रेषा नव्हत्या, दुसरीच्या होत्या; पहिलीस काही अपायही झालेला आढळला नाही. हे उदाहरण उद्बोधक असले, तरी एकाच जोडीचे आहे, हे विसरता कामा नये.

दुसरी बाजू अशी, की न वापरलेला स्नायू क्षीण होतो. गळ्यात अडकवून ठेवलेला हात जसा रोडावतो, तसेच येथे घडते. सशांच्या पायांच्या स्नायूंवर प्रयोग केले असता, इंजेक्शने थांबविल्यानंतर सहा महिन्यांनीही त्यांची शक्ती पूर्णपणे परतली नव्हती. चेहऱ्यासाठी वापरावयाची मात्रा अल्प असते, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा माणसास लावता येत नाही; परंतु सावधगिरीस तो पुरेसा आहे. शिवाय एक स्नायू निकामी झाला, की शेजारचे स्नायू अधिक राबतात व नाकाच्या कडांवर नव्या घड्या पडतात. कपाळाचा स्नायू फार दुर्बळ झाल्यास भुवया खाली उतरतात. काही थोड्या व्यक्तींच्या शरीरात प्रतिद्रव्ये निर्माण होऊन औषध निष्फळ होते.

उपसंहार

तात्पर्य, एका सुईचा परिणाम ओसरतो. अनेक वर्षांच्या सुयांचा हिशेब मात्र निराळा मांडावा लागतो. गर्भवती स्त्रियांनी हा उपचार टाळावा. मज्जातंतूंचा वा स्नायूंचा विकार असलेल्यांनी तो तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. इतरांनीही अल्प मात्रा, पुरेसे अंतर व कुशल हात या तिन्हींची खात्री करून घ्यावी. सुईनंतर गिळणे, बोलणे वा श्वास घेणे कठीण वाटल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. ज्या स्नायूंनी आठ्या पडतात, त्यांनीच आपण चिंता व राग न बोलता दाखवितो. त्यांना किती काळ मुके ठेवावयाचे, हे प्रत्येकाने विचारपूर्वक ठरवावे.