नवऱ्याची सही कुठे लागते?

प्रश्न : माझ्या धाकट्या जावेला दोन मुलं आहेत. आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत, पाळी चुकून तीनेक आठवडे झाले. दोघा नवरा-बायकोला आणखी मूल नको आहे. दीर ट्रकवर आहेत, लांबच्या ट्रिपला गेले की पंधरा-पंधरा दिवस येत नाहीत. आम्ही दवाखान्यात गेलो तर 'नवऱ्याला आणा, त्याची सही लागते' म्हणाले. दाराशी 'स्त्रीभ्रूणहत्या गुन्हा आहे' अशी पाटी होती, ती वाचून तर ती घाबरूनच गेली. सासूबाई म्हणतात, पोट पाडलं की पुन्हा दिवस राहत नाहीत, पुढे कॅन्सरही होतो. मेडिकलवाला परस्पर गोळ्या द्यायला तयार आहे. यातलं खरं काय?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, आधी सहीचं सांगते, कारण तुमचं काम तिथेच अडलंय. नवऱ्याची सही लागत नाही. 1971च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार अठरा वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते. त्या संमतीपत्राला फॉर्म सी म्हणतात आणि त्यावर सही तिचीच असते. पालकाची सही लागते ती मुलगी अठराच्या आतली असेल किंवा बाई मानसिक आजारी असेल तर. पुढे घरचे येऊन भांडतील या भीतीनं काही दवाखाने नवऱ्याची सही मागतात. भीती समजते, पण ती कायद्याच्या नावावर खपवणं चूक आहे. एका बाईला परत पाठवलं की तिचे आठवडे वाढतात, आणि इथे प्रत्येक आठवडा महत्त्वाचा असतो. तिचं नाव गुप्त ठेवणंही डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ते फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आता त्या पाटीबद्दल. माझ्या मते या विषयातला सगळ्यात घातक गैरसमज त्या पाटीभोवतीच तयार झालाय.

1860च्या इंग्रजी दंडसंहितेत बाईचा जीव वाचवण्यापुरती सूट सोडली तर गर्भपात हा गुन्हाच होता, आणि शिक्षा करून घेणाऱ्या बाईलाही होती. त्यामुळे तो चोरून व्हायचा, बहुतेकदा अडाणी हातांनी, आणि बायका मरायच्या. हे थांबवण्यासाठी 1964 साली केंद्रानं समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपल्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. त्यांच्या अहवालातून 1971चा कायदा आला आणि 1 एप्रिल 1972पासून तो लागू झाला. म्हणजे ज्या कामासाठी तुमची जाऊ चोरासारखी फिरतेय, ते तिच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून कायदेशीर आहे.

पाटीमागचा कायदा वेगळा. सोनोग्राफी आली आणि मुलगी आहे हे आधीच कळू लागलं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्रानंच केला, देशाचा कायदा 1994 साली आला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 2001च्या जनगणनेत 913 होत्या, त्या 2011ला 894 झाल्या. त्यामुळे ही लढाई खरीच आहे आणि पाटीही हवीच. पण तो कायदा लिंग तपासण्यावर बंदी घालतो, गर्भपातावर नाही. 'भ्रूणहत्या' हा शब्द भिंतींवर इतका रंगवला गेला की लोकांच्या मनात दोन्ही एकच झालं. परळीसारखी लिंग तपासून केलेल्या गर्भपातांची प्रकरणं उघडकीला आल्यावर तर गर्भपाताच्या गोळ्यांकडेही संशयानं पाहिलं जाऊ लागलं. तपासण्यांच्या धास्तीनं कितीतरी दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडलं. जरा हिशेब करून पाहा. गोळ्या चालतात नऊ आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीत लिंग खात्रीनं कळतं ते साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर. मग या गोळ्या अडवून मुली कशा वाचणार? अडते ती तुमच्या जावेसारखी बाई, जिला मुलगा की मुलगी हा प्रश्नच पडलेला नाही.

म्हणून कायद्यानं 'मागाल तेव्हा गर्भपात' दिलाय असंही नाही. आपल्याकडे शेवटचा शब्द डॉक्टरचा असतो, बाईचा नाही. मला ही कायद्यातली उणीव वाटते. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोघांचं लागतं, तेही ठरावीक परिस्थितीतच. चोवीसनंतर गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. गर्भनिरोधक फसलं हे कारण चालतं. पूर्वी त्यासाठी लग्न झालेलं असावं लागे, 2021च्या दुरुस्तीनं ती अट गेली. सप्टेंबर 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वीस ते चोवीस आठवड्यांची मुभा अविवाहित स्त्रियांनाही आहे असा निकाल दिला.

सासूबाईंना रागावू नका. त्यांच्या काळात काड्या घालून, नीट न उकळलेल्या हत्यारांनी पिशवी साफ केली जायची. जंतुसंसर्ग व्हायचा, नळ्या बंद व्हायच्या आणि मग खरंच दिवस राहत नसत. त्यांनी पाहिलं ते खोटं नाही. मात्र योग्य वेळी, शिकलेल्या हातांनी केलेल्या गर्भपातानं पुढे मूल राहण्यात अडचण येत नाही. उलट दोन-तीन आठवड्यांतच पुन्हा दिवस राहू शकतात, म्हणून तांबी किंवा दुसरं काही लगेच ठरवावं. कॅन्सरचं म्हणाल तर 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये 16 देशांतल्या 53 अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. स्तनाचा कर्करोग झालेल्या सुमारे 83 हजार बायकांची माहिती त्यात होती. गर्भपातानं धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही.

मेडिकलवाल्याच्या गोळ्या खोट्या नसतात, त्या उत्तम काम करतात. 2015 साली देशात अंदाजे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यातल्या चारांपैकी जवळजवळ तीन बायकांनी दवाखान्याबाहेर गोळ्याच घेतल्या होत्या. तरीही आधी तपासून घ्या म्हणते, त्याला कारण आहे. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. वेदना अंगावर काढता काढता नळी फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. शिवाय अंगात रक्त किती आहे हेही बघायला हवं. बहात्तर तासांची गोळी वेगळी. ती दिवस राहू नयेत म्हणून असते, राहिलेला गर्भ तिनं पडत नाही. पपई आणि अननसाच्या नादात तर फक्त दिवस वाया जातात.

गर्भपात पाप आहे असं कुणाला मनापासून वाटत असेल तर त्याच्या श्रद्धेशी मी वाद घालणार नाही. स्वतःपुरता तो निर्णय त्याचाच आहे. पण दुसरीला थांबवण्यासाठी कॅन्सरची किंवा तुरुंगाची खोटी भीती घालणं मला मान्य नाही.

तुम्ही आता एवढं करा. शेवटची पाळी आली तो पहिला दिवस आठवून तिथपासून दिवस मोजा. 63 दिवसांच्या आत असाल तर गोळ्यांनी होईल, पुढे गेलात तरी नळीनं पिशवी रिकामी करता येते. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते फोन करून विचारा. पुन्हा नवऱ्याची सही मागितली तर फॉर्म सी दाखवा म्हणावं. गोळ्यांनंतर एका तासात दोन पॅड पूर्ण भिजले आणि सलग दोन तास तसंच चाललं, किंवा थंडी वाजून ताप आला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. दिरांशी फोनवर बोलून ठेवा, कारण ते दोघांचं ठरलेलं आहे, पण ते परत येईपर्यंत थांबू नका.