सर्व सोडले, अपेक्षा राहिली

(शुभवर्तमान वाचन : मत्तय १९:१६ ते २०:१६)



आषाढी वारीच्या दिवसांत तुकाराम महाराजांची पालखी आपल्या दारावरून जाते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम होतात, बेलवाडीला रिंगण होते. आपल्यापैकी कित्येकजण रस्त्याकडेला उभे राहून वारकऱ्यांना पाणी देतात, चहा देतात. कोणाच्या डोक्यावर गाठोडे, कोणाच्या खांद्याला पिशवी. (बाकीचे सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असते हे खरे, पण तेही फार नसते.) घरदार, शेतीची कामे मागे ठेवून ही माणसे चालतात. आपण त्यांच्याकडे कौतुकाने पाहतो आणि घरी परततो. आपल्या प्रभूनेही आपल्याला मागे यायला बोलावले आहे, हे मात्र त्या वेळी आठवत नाही.

आजच्या वाचनात एक श्रीमंत तरुण येशूकडे येतो. त्याने सर्व आज्ञा पाळल्या आहेत. मालमत्ता विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये, असे प्रभू सांगतो, तेव्हा तो खिन्न होऊन निघून जातो. या तरुणावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. आज आपण त्याच्याकडे नव्हे, त्याच्यामागे उभ्या असलेल्या पेत्राकडे पाहू. पेत्राने होडी आणि जाळी सोडली होती. तो लगेच विचारतो, आम्ही तर सगळे सोडले, मग आमच्या पदरात काय? म्हणजे जाळे सुटले, हिशोब सुटला नाही. पुढच्याच अध्यायात जब्दीच्या मुलांची आई आपल्या दोन मुलांसाठी उजवीकडची आणि डावीकडची जागा मागते. तेही सर्व सोडून आलेलेच!

प्रभू पेत्रावर रागावत नाही. तो शंभरपटीचे वचन देतो, आणि लगेच द्राक्षमळ्याचा दाखला सांगतो. अध्यायांची विभागणी पुष्कळ नंतर झाली आहे. त्यामुळे एकोणिसावा अध्याय संपला की आपण पुस्तक मिटतो आणि दाखला पेत्राच्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे हे निसटून जाते. मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचलाही. संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी. आपल्या भागात रोजंदारी कोणाला नवीन नाही. दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला पाच वाजता आलेल्याइतकाच रोज मिळाला तर तो भांडणारच. पहाटेच्या मजुरांचे काहीही कमी झाले नव्हते, त्यांना ठरलेली मजुरी मिळाली होती. फक्त जास्त मिळेल ही अपेक्षा मोडली होती.

सुखे सोडणे तसे दिसणारे असते. उपवासकाळात आपण मटण सोडतो, कोणी तंबाखू सोडतो, कोणी टीव्ही बंद ठेवतो. अपेक्षा दिसत नाही. इतकी वर्षे मिस्सेला येतो, मग मुलाला नोकरी का नाही? चर्चच्या कामाला सर्वांत आधी आम्ही, मग सणाच्या दिवशी आमचे नाव का घेतले नाही?

रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या पंथाचे नव्हते, पण त्यांची गीते मराठी ख्रिस्ती माणूस पंथ न पाहता गातो. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली मिशनचा पगार सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ९ मे १९१९ रोजी ते वारले. पगार सोडला म्हणून काम वाढले असे दाखवायला त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली त्यांना ठाऊक आहे, की हाती आलेला पैसा गरजूला देऊन टाकण्याच्या टिळकांच्या सवयीपायी घर चालवताना त्यांची किती ओढाताण होई. टिळकांबद्दल आदर ठेवूनही आम्हांला वाटते, की त्यांच्या त्यागाचा अर्धा भार लक्ष्मीबाईंनी उचलला. तुकाराम महाराजांविषयी परंपरा सांगते, की त्यांनी घरच्या कर्जखतांचे दोन वाटे केले, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि फक्त आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. देवाला वाहिले असे सांगून आईबापांचा हक्क बुडवणाऱ्यांना प्रभूनेही सुनावले आहे (मार्क ७:९-१३). तेव्हा आपण जे सोडतो ते आपलेच आहे ना, की घरच्यांच्या ताटातले, हे आधी पाहावे.

काही वर्षांपूर्वी आपल्यातल्या एका मावशींची लेक आजारी होती. त्यांनी नोव्हेना केल्या, उपवास केले. लेक गेली. त्यानंतर वर्षभर मावशी देवळाकडे फिरकल्या नाहीत. आम्ही त्यांच्या घरी जायचो, चहा घ्यायचो, आणि काय बोलावे ते न सुचून परत यायचो. एका रविवारी त्या मागच्या बाकावर येऊन बसलेल्या दिसल्या. मिस्सा झाल्यावर आम्ही जवळ गेलो, तेव्हा म्हणाल्या, “आता काही मागायला नाही येत. त्याच्यापाशी नुसती बसायला येते.”

या आठवड्यात घरातल्या सर्वांनी मिळून वरचे वाचन एका बैठकीत, अध्याय संपला तरी न थांबता, मोठ्याने वाचावे. पेत्राच्या प्रश्नाच्या जागी आपापला प्रश्न ठेवावा. तो कोणाला सांगण्याची गरज नाही. पुढच्या रविवारी अर्पणाच्या वेळी तो मनातल्या मनात वेदीवर ठेवू या.