अकॉर्डियन कोणते घ्यावे ?

प्रार्थनेच्या वेळी वाजणारी पेटी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. अकॉर्डियन हे तिचेच भावंड होय. व्हिएन्ना येथील सिरिल डेमियन यांनी १८२९ मध्ये अकॉर्डियनचे, तर पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. दोहोंतही भात्याची हवा धातूच्या पातळ जिभांना कंप देते आणि सूर उमटतो. मात्र अकॉर्डियन खांद्याला अडकवून चालताचालताही वाजविता येते. म्हणूनच शाळांच्या वाद्यवृंदांत ते शोभते. 'आराधना' (१९६९) चित्रपटातील 'रूप तेरा मस्ताना' या गीतात केरसी लॉर्ड यांनी वाजविलेले अकॉर्डियन पुष्कळांच्या घरी ऐकले गेले असेल.

आता या वाद्याचा डिजिटल प्रकारही मिळतो. जपानच्या रोलँड कंपनीने तो २००४ मध्ये बाजारात आणला. त्यात धातूच्या जिभा नसतात. भाता असतो, पण तो केवळ हवेचा दाब मोजण्यासाठी. त्या मापानुसार आतील यंत्रणा ध्वनिमुद्रित सूर लहान वा मोठा करून ऐकविते.

मग यांतून निवड कशी करावी ? घरच्या वडीलमंडळींनी काटकसरीने साठविलेला पैसा येथे खर्ची पडतो. म्हणून हा प्रश्न विचाराने सोडवावयास हवा.

डिजिटल वाद्याचे गुण उघड आहेत. ते बेसूर होत नाही. गाणाऱ्याची पट्टी बदलली तरी कळ दाबून सूर चढविता-उतरविता येतो. कानांस श्रवणयंत्र लावले, म्हणजे शेजारी परीक्षेचा अभ्यास चालू असतानाही सराव करता येतो. परंतु त्याला वीज किंवा भारित बॅटरी लागते, आणि आतील यंत्रणा बिघडल्यास गौतमपुऱ्यासारख्या गावी ती दुरुस्त होणे कठीण.

जुन्या पद्धतीच्या अकॉर्डियनला विजेची गरज नाही. त्याचा सूर खऱ्या हवेतून जन्मतो व वाजविणाऱ्याच्या छातीला जाणवतो. पण तेही निगा मागते. त्यातील पोलादी जिभा बहुधा मेणाने बसविलेल्या असतात. माळव्यातील वैशाखाच्या उन्हात, बंद मोटारीत ते ठेवले तर मेण मऊ होऊन जिभा निखळतात. पावसाळ्याच्या दमट हवेत पोलादाला गंज चढतो. शिवाय १२० बटनांचे पूर्ण वाद्य सुमारे १० किलो भरते. कोवळ्या खांद्यांना ते झेपत नाही. आरंभी ४८ किंवा ७२ बटनांचे पुरे.

जुने वाद्य घेताना दोन परीक्षा अवश्य कराव्यात. भात्याचे पट्टे सोडून, एकही पट्टी न दाबता, वाद्य एका बाजूने उचलून धरावे. भाता झपाट्याने उघडल्यास हवा गळते असे समजावे. नंतर प्रत्येक पट्टी भाता ओढताना व दाबताना वाजवून पाहावी. दोन्ही वेळी सूर सारखाच आला पाहिजे.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी. दोन्ही प्रकारांत पट्ट्यांचे सूर सुटे असल्याने कंठातील मींड त्यांतून हुबेहूब निघत नाही. पेटीवरही हाच आक्षेप होता व १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बंदी केली होती. ज्याला रागदारी शिकावयाची आहे, त्याने आधी गळा तयार करावा.

सारांश, जेथे वीज व दुरुस्तीची सोय आहे आणि शांततेत सराव करावयाचा आहे, तेथे डिजिटल वाद्य उपयुक्त ठरेल. पण आपल्यासारख्या गावी, शाळेच्या पटांगणात वाजविण्यासाठी, पारखून घेतलेले लहानसे जुन्या पद्धतीचे अकॉर्डियनच अधिक विश्वासाचे. वाद्य कोणतेही असो, भात्यावर हाताचा ताबा नित्याच्या सरावानेच येतो. तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.